निशाणरावांची गाठ

मुक्ताबाईच्या परसातली तुळस झुंबरबाईच्या तुळशीपेक्षा उंच होती, आणि झुंबरबाईला तेसुद्धा खपत नसे. आपलीही वाढावी म्हणून तिनं एकदा तिला म्हशीचं ताजं शेण भरपूर घातलं. तुळस जळाली. मग दुसरी लावली, ती जेमतेम कमरेएवढी होऊन थांबली. भिंतीपलीकडची मात्र भिंतीवरून डोकं काढून इकडं बघत असायची.

तोरणगावात त्या दोघींची घरं अशी एका भिंतीनं जोडलेली होती. भिंत एक, दारं दोन. उजव्या दाराला गाव ‘निशाणरावांचं दार’ म्हणे आणि डाव्याला नुसतं ‘सूर्यभानाचं’. घरात माणसं सारखीच, ज्वारी सारखीच, छपरावरचे पत्रेही एकाच गाडीतून आलेले. पण उजवीकडं घराण्याची थोरली पाती होती आणि डावीकडं धाकटी, म्हणून उजवीकडची बाई ‘बाईसाहेब’ आणि डावीकडची झुंबर.

निशाणराव हा किताब नगरच्या बादशहानं दिलेला, असं सांगत. गावचा इतिहास लिहायला बसलेले विष्णुपंत गुरुजी तो प्रसंग असा सांगायचे, की जणू तेव्हा ते तिथंच शाळा घेत होते. लढाई ऐन भरात असताना निशाणाची दोरी तुटली. निशाण खाली येताना दिसलं तशी फौजेनं पाठ फिरवली. तेवढ्यात तोरणगावचा एक गडी सरसरत काठीवर चढला आणि त्यानं एका गाठीत निशाण बांधून टाकलं. दिवसभर वारा सुटला होता, पण गाठ हलली नाही. संध्याकाळी बादशहानं ती सोडून बघितली, त्याला सुटेना. सरदारांना सुटेना. मग त्या गड्यानं एक टोक धरून नुसतं ओढलं आणि निशाण बादशहाच्या पायावर आलं. झाला निशाणराव.

बरोबर जमीन मिळाली होती, ती दोन पिढ्यांत गेली. किताब राहिला, कारण तो गहाण ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. थोरल्याकडून थोरल्याकडं तो खाली येत राहिला. गाठ मात्र बायकांकडं आली. पुरुष मोहिमेवर जात आणि पुष्कळदा तिकडंच राहत, म्हणून सासूनं ती दार लावून थोरल्या सुनेला शिकवायची, असा रिवाज पडला.

लढाया संपल्या तशी ती गाठ नाथांच्या काठीला लागली. रंगपंचमीच्या आधी तोरणगावची काठी मढीला कानिफनाथाच्या भेटीला निघते. निघण्याआधी ती निशाणरावांच्या दारात पाटांवर आडवी ठेवायची, बाईसाहेबांनी दुधापाण्यानं धुवायची आणि तिच्या शेंड्याला भगवं निशाण बांधायचं. हातावर पदर ओढून, कुणाला दिसू न देता. मग छगन गुरवानं ललकारी द्यायची, “निशाणराव आप्पासाहेब, निशाण उचला.” आणि धाकट्या पातीच्या सुनेनं या सगळ्या वेळात काय करायचं, तर हळदीकुंकवाचं ताट धरून बाजूला उभं राहायचं.

झुंबरबाईनं ते ताट बावीस वर्षं धरलं.

दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली होती, मुक्ताचं आप्पासाहेबांशी आणि झुंबरचं त्यांच्या चुलतभावाशी, सूर्यभानाशी. मांडवात दोघी सारख्याच भेदरलेल्या होत्या आणि झुंबर तर मुक्तापेक्षा उजळ होती, हे तिला अजून चांगलं आठवत होतं. पुढं झुंबरला दोन लेकी आणि एक लेक झाला, मुक्ताची कूस उजवली नाही. पण त्यानंही फरक पडला नाही. बारशाला जमलेल्या बायका बाळाला बघत आणि मग वळून विचारत, “बाईसाहेब आल्यात का?” ताट धरून उभी असताना झुंबरनं कितीदा मान वाकडी करून त्या पदराखाली काय चाललंय ते बघायचा प्रयत्न केला. पदर नुसता हलताना दिसायचा, मांजर पोत्यात हलावं तसा. आणि मग मुक्ताबाई तो बाजूला करायची तेव्हा निशाण बांधलेलं असायचं, आणि ते मढीपर्यंतच्या वाऱ्यात कधी सुटलं नव्हतं.

आदल्या पावसाळ्यात आप्पासाहेब वारले. त्यांच्या मागं ना मुलगा, ना दत्तक. विधवेच्या दारात काठी टेकवत नाहीत, तेव्हा काठी कुठं टेकायची हा प्रश्न शिमगा तोंडावर आला तसा उभा राहिला. देवळापुढं बैठक बसली.

“आता कशाला पायजे किताब?” कुणीतरी म्हणालं. “तिकडं दिल्लीत राजांचे किताब काढून घेतले. तनखे बंद झाले.”

“आपल्याला तनखा हुताच कुठं?” छगन गुरव म्हणाला. “आमच्या निशाणरावांना सरकारनं काय दिलं न्हाई, मग काढून काय घेणार? काठी टेकायची सूर्यभानदादाच्या दारात. भाऊबंद हायेत. ललकारी कुणाच्या नावानं द्यायची तेवढं सांगा.”

सगळे विष्णुपंतांकडं बघायला लागले. गुरुजींनी चष्मा पुसला. “किताब थोरल्या पातीचा. ती पाती आप्पासाहेबांबरोबर संपली. पण माझ्या मते किताब मुळात मिळाला तो गाठीसाठी. गाठ ज्या घरात जाईल त्या घरात तो जावा. बाईसाहेबांनी सूर्यभानच्या घरात गाठ दिली तर निशाणराव सूर्यभान म्हणायचं. नाही दिली तर आप्पासाहेब शेवटचे.”

हे सगळ्यांना पटलं. सूर्यभान घरी येऊन जेवायला बसला आणि चौथ्या घासाला त्यानं बायकोला ते सांगितलं.

“चवथ्या घासाला सांगायची गोष्ट हाय व्हय ही?” झुंबर म्हणाली. तव्यावरची भाकरी तिथंच करपली.

“किताबानं म्हस जास्त दूध देनार असंल तर घे बाई,” सूर्यभान म्हणाला. पण तोच सूर्यभान दोन दिवसांनी नगरला गेला आणि फेटा रंगवून घेऊन आला. विचारल्यावर म्हणाला, “जुना फिका झाल्ता.”

आता एकच गोष्ट उरली होती. मुक्ताबाईनं बोलवायचं होतं. झुंबरबाई वाट बघत बसली. सकाळी सडा घालताना ती मुद्दाम वाकून उशीर लावी. मुक्ताबाई खिडकीत असायची; बघायची, हसायचीसुद्धा, पण बोलवायची नाही. “बघा,” झुंबर म्हशीला म्हणायची, कारण ऐकून घेणारी तीच होती, “नवरा गेला, मान गेला, तरी बाईची मूठ सुटंना. सरणावर घेऊन जानार हाय ती गाठ.”

मागायला जायचं म्हणजे ताट धरण्यापेक्षाही खाली वाकायचं. म्हणून तिनं आधी आपलं आपण शोधून काढायचं ठरवलं. मुसळ आडवं ठेवून त्याला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून बघितला. निरगाठ घट्ट बसे, पण एका टोकानं सुटत नसे. सुटणारी बांधावी तर मुसळ हलवल्यावर घसरे. एक दिवस सूर्यभान आत आला तर मुसळाला पाच ठिकाणी चिंध्या बांधलेल्या. “कुनाला नवस बोललीस काय?” त्यानं विचारलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

होळीच्या आदल्या दुपारी ती गेली. धुतलेलं लुगडं नेसून, हातात काही न घेता, कारण रिकाम्या हातानं गेलं की मागायला आल्यासारखं दिसत नाही, असा तिचा हिशेब होता.

मुक्ताबाई परसात तांदूळ निवडत होती. तुळशीची सावली तिच्या पाठीवर पडली होती. झुंबरला आधी ती सावलीच दिसली.

“ये. मला वाटलंच होतं आज येशील,” मुक्ताबाई म्हणाली.

“तुमाला सगळंच आधी ठावं असतंय, जाऊबाई. मंग बोलावलं का न्हाई?”

“काय देणार होते बोलावून?”

“द्यायचं नसंल तर तसं सांगा. सूर्यभानाची बायकू हाय, ती सूर्यभानाची बायकू म्हनून मरंल.”

मुक्ताबाईनं सूप खाली ठेवलं. “दार लाव,” ती म्हणाली.

दार लाव. याच दोन शब्दांची तिनं वाट पाहिली होती. तिनं कडी घातली आणि येऊन समोर बसली, हात मांडीवर, शाळेतल्या पोरीसारखी.

“गाठ मला येत नाही,” मुक्ताबाई म्हणाली.

“म्हंजे?” झुंबर म्हणाली.

“मी आले तेव्हा सासूबाईंना अर्धांग झालं होतं. आठवतंय ना? तोंड वाकडं, उजवा हात गेलेला. तरी दार लावून आम्ही रोज बसायचो. मी एकेक गाठ बांधून दाखवायची, त्या मान हलवायच्या. नाही. दुसरी बांधायची. नाही. दावणीची, फेट्याची, मोटेची, माहेरी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या करून दाखवल्या. त्यांच्या डोळ्याला पाणी यायचं. माझ्याही यायचं. बाहेर गाव म्हणत होतं, सुनेला शिकवतायत.”

“मंग बावीस वर्सं…”

“पहिल्या वर्षी काठी दारात आली. पोलक्यात सुई होती, गुंडी लावायला घेतलेली. दोऱ्यासकट. मी निशाण शिवून टाकलं, झुंबर. काठीला गुंडाळलेल्या कापडाला, पदराखाली. वर नुसती दिसायला एक गाठ. काठी परत आली की तो दोरा पदराखालीच दातानं तोडायचा. दरवर्षी.”

“धन्यांना ठावं हुतं?”

“कुणालाच नाही.”

परसात पाखरं सुपातल्या तांदळाभोवती जमली. दोघींपैकी कुणी त्यांना हाकललं नाही.

“म्हंजे मी ताट धरून उभी ऱ्हायले,” झुंबर हळूहळू म्हणाली, “एका सुईसाठी.”

“हो.”

“आनि लोकं म्हनत हुती बाईसाहेबांच्या हातात बादशहाची इद्या हाय.”

“मला काय ते ऐकून बरं वाटत होतं? सकाळी खिडकीत उभी राहायचे तेव्हा तुला बघायचे. तू घोडेगावच्या बाजारातनं म्हैस आणायचीस, चार माणसांत बोलायचीस. आमच्या दाराची बाई बाजारात जात नाही. मला वाटायचं, हिचे हात कसे उघडे आहेत.”

झुंबरला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट तिला राग आला. हेवा हा तिचा होता; त्यात या बाईनं वाटा मागावा हे काही तिला आवडलं नाही.

मुक्ताबाईनं कमरेच्या चंचीतून एक सुई काढली. टोकाशी जराशी वाकलेली. “ही घे. मी सगळ्यांपुढं सांगेन, गाठ झुंबरला दिली म्हणून. माझं कुणी खोटं मानणार नाही. सूर्यभानभाऊजी निशाणराव होतील, तू बाईसाहेब. दोरा भगवा घे, दिसत नाही.”

झुंबर सुई घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली ती मनात एक ठरवूनच. बायका जमलेल्या होत्याच.

“शिकवली का गं?” एकीनं विचारलं.

सांगून टाकायचं. एका वाक्यात त्या खिडकीतल्या बाईचं बावीस वर्षांचं सोनं पितळ होणार होतं. झुंबरनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, हसतील. आणि नुसत्या तिला नाही हसणार. ताट धरून जवळ उभी होती तिलाही हसतील, की एवढी वर्षं शेजारी उभी राहून हिला सुई दिसली नाही.

“शिकवत्यात की,” ती म्हणाली. “लई अवघड हाय.”

घरी येईपर्यंत तिचं तिलाच समजेना, की आपण त्या बाईचं खोटं का सांभाळलं.

काठी निघायचा दिवस आला. सूर्यभानच्या दारात पाट मांडले. काठी आडवी ठेवली, मोरपिसं बाजूला केली. गाव जमलं होतं. सूर्यभान रंगवलेल्या फेट्यात उभा होता आणि उगाच घसा खाकरत होता. झुंबरनं काठी धुतली, हळद लावली. ताट धरायला भावकीतली एक नवी सून उभी होती. तिची मान जराशी वाकडी झालेली झुंबरच्या डोळ्यातून सुटली नाही. पोलक्यात सुई होती. दोरा भगवा.

छगन गुरव पुढं झाला. “वैनी, देवाच्या काठीपुढं इचारतो. गाठ आली का?”

झुंबरनं वर पाहिलं. शेजारच्या खिडकीत मुक्ताबाई उभी होती, डोक्यावरून पांढरा पदर. तिनं मान हलवली. हो म्हण. हळूच, आईनं लेकीला म्हणावं तशी.

आणि त्या मान हलवण्यानंच घोळ झाला. झुंबरला एकदम पुढची सगळी वर्षं दिसली. आपण पदराखाली शिवतोय. लोक म्हणतायत, वा, बाईसाहेबांनी गाठ दिली. मुक्ताबाईंनी दिली. मुक्ताबाईंचं मन मोठं. दरवर्षी कौतुक आपल्या दारात येणार आणि भिंत ओलांडून तिच्याकडं जाणार. म्हातारी होऊन मेल्यावरसुद्धा आपण तिच्याच उष्ट्यावर बाईसाहेब. ताट हातातून सुटलं तरी आपण ताट धरूनच उभ्या.

“न्हाई आली,” झुंबर म्हणाली.

गर्दीत कुजबुज झाली. खिडकीतली मान थांबली.

“जाऊबाईंनी शिकवायची ती शिकवली,” झुंबर पुढं म्हणाली, मोठ्यानं, “माज्या हाताला आली न्हाई. ती गाठ निशाणरावांची हुती, त्यांच्यासंगं गेली. मी आपली माज्या गाठीनं बांधते. चालंल का बोला, न्हाई तर पाट उचला.”

विष्णुपंतांनी मान खाली घातली. छगननं सूर्यभानकडं पाहिलं. सूर्यभाननं फेट्याला हात लावला, सारखा केला आणि म्हणाला, “बांधू द्या. उनं व्हत्यात.”

झुंबरनं पदर खोचला. हात कोपरापर्यंत उघडे ठेवून तिनं निशाण घेतलं आणि रोज संध्याकाळी म्हशीचं दावं खुंट्याला बांधायची तसं ते काठीला बांधलं. वेढा, त्याच्यात दुमडून घातलेलं टोक, हिसका. म्हैस ओढील तेवढी घट्ट बसणारी आणि आग लागली, साप निघाला तर एका ओढीत सुटणारी. बायका वाकून बघत होत्या. इतकी वर्षं त्यांना कुणी बघू दिलं नव्हतं.

छगननं श्वास घेतला. ललकारीतलं नाव गाळून म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती, म्हणून तो मध्येच अडखळला. “तोरणगावकर,” तो शेवटी म्हणाला, “निशाण उचला.”

किताब तिथं संपला. कुणी टोपी काढली नाही की काही नाही. काठी उठली आणि वेशीकडं निघाली.

त्या वर्षी वारा चांगला होता. काठी मढीहून परत आली तेव्हा निशाणाचं एक टोक फाटलं होतं, गाठ होती तिथं होती. झुंबरनं मोकळं टोक धरून ओढलं, निशाण तिच्या पायावर आलं. विष्णुपंत जवळच उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि तिच्या पायावरच्या निशाणाकडं पुन्हा पाहिलं.

दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. झुंबर गेली. मुक्ताबाईनं कडी न लावताच तिच्यासमोर एक मुसळ ठेवलं आणि एक जुनी चिंधी.

“बांध. सावकाश.”

झुंबरनं बांधली. मुक्ताबाईनं ओढून पाहिलं, मुसळ उचलून हलवून पाहिलं. मग मोकळं टोक ओढलं. चिंधी गळून पडली. तिनं ती उचलून मांडीवर सरळ केली.

“दावणीची म्हणून मी जी बांधून दाखवली होती ती आमच्या माहेरची. ही नाही,” ती म्हणाली. “सासूबाईंनी हिला ‘नाही’ म्हणून मान हलवली नसती, झुंबर.”

झुंबरला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं बसल्या जागी डोळे मिटले. आपल्याच तोंडानं किताब घालवला, गावासमोर, देवाच्या काठीपुढं. न्हाई आली, म्हणून. अजून परवाच.

“कुनाला बोलू नका,” ती म्हणाली.

“नाही बोलणार. बोलायचं नाही हे मला चांगलं येतं.” मुक्ताबाईनं मुसळ पुढं ओढलं. “मला शिकव.”

झुंबरनं दोनदा दाखवली. मुक्ताबाईच्या बोटांना जमेना. सुईची सवय लागलेली बोटं. झुंबरला तेवढंच बरं वाटलं. उठताना तिची नजर परत त्या तुळशीवर गेली. इतकी वर्षं न विचारलेलं तिनं विचारूनच टाकलं.

“हिला घालता तरी काय?”

“काही नाही गं. तू पलीकडं भांडी घासतेस ना, त्या मोरीचं पाणी भिंतीखालून इकडं येतं.”

झुंबरबाई घरी आली. मोरीपाशी दुपारचा ढीग पडलेला होता. तिनं भिंतीच्या तळाशी वाकून पाहिलं. ओल होती, सरळ पलीकडं गेलेली. कुदळ कोपऱ्यातच होती. ती काही वेळ कुदळीकडं बघत उभी राहिली, मग खाली बसली आणि भांडी घासायला लागली. पाणी मात्र जरा जपून वापरलं.